चूल नसलेले गिऱ्हाईक

आलिशान क्रूझ कंपन्यांच्या माहितीपत्रकांत गेल्या काही वर्षांत एका कार्यक्रमाला मानाचे पान मिळू लागले आहे : बंदरात उतरायचे आणि जहाजाच्या शेफबरोबर तिथल्या मंडईत, मासळी बाजारात हिंडून यायचे. सीबर्न कंपनीच्या जहाजांवर ‘शॉपिंग विथ द शेफ’ या नावाने हा उपक्रम चालतो. वायकिंगच्या ‘किचन टेबल’मध्ये शेफबरोबर सकाळी खरेदी आणि संध्याकाळी त्याच्याच हाताखाली स्वयंपाक, असा बेत असतो. ओशिॲनियाने २०११ साली ‘मरीना’ जहाजावर प्रवाशांसाठी पाकशाळाच बांधली, आणि सिल्व्हरसीने ‘सिल्व्हर मून’ या जहाजापासून ‘सॉल्ट’ नावाचा, त्या त्या किनाऱ्याच्या खाण्याभोवती गुंफलेला कार्यक्रम सुरू केला.

यामागची ओढ खरी आहे. नवे गाव समजून घ्यायचे तर तिथले लोक सकाळी काय विकत घेतात हे पाहावे, याहून चांगली सुरुवात नाही. शिवाय सोबतीला असा माणूस, ज्याला मासा नुसता दिसत नाही, वाचता येतो. म्हणून मला हा उपक्रम आवडतो, आणि आवडतो म्हणूनच त्याच्याकडून अधिक मागावेसे वाटते.

बाजार ही मुळात घेण्याची जागा आहे. तिथे उभे राहण्याचा अधिकार घेणाऱ्याचा, आणि घेणारा तोच ज्याच्या घरी चूल पेटायची आहे. क्रूझच्या प्रवाशाकडे चूल नसते. त्याचे सकाळ-दुपार-रात्रीचे जेवण तिकिटातच भरलेले असते. तो वांगी घेऊन करणार काय आणि बांगडा ठेवणार कुठे? सहाशे प्रवाशांच्या जहाजावर बाजाराला उपयोगी पडेल असा माणूस एकच : ज्याच्या ताब्यात भटारखाना आहे तो शेफ. त्याने खरोखर खरेदी केली आणि ती त्या रात्री ताटात आली, तर त्याच्यामागून हिंडणाऱ्या प्रवाशांनाही बाजारात उभे राहण्याचा हक्क मिळतो. त्याने नुसते बोट दाखवले, चार लिंबे उचलली आणि सगळ्यांना घेऊन परत फिरला, तर त्या बाजाराच्या वाट्याला आली ती केवळ गर्दी. शेफबरोबरच्या बाजारफेरीची किंमत शेफच्या पिशवीच्या वजनावरून ठरवावी, एवढेच माझे म्हणणे आहे. ते दिसते तितके साधे नाही, म्हणून जरा खोलात जाऊन मांडतो.

व्हेनिसचा रिआल्तो बाजार घेऊ. ग्रँड कॅनॉलच्या काठावर, १९०७ साली बांधलेल्या कमानदार मंडपाखाली, मंगळवार ते शनिवार सकाळी मासळी लागते. तिथे भिंतीवर एक जुनी दगडी पाटी आहे. कुठला मासा किती लांबीचा झाल्याशिवाय विकायचा नाही, हे तिच्यावर कोरले आहे : सार्डिन सात सेंटीमीटर, ईल पंचवीस, कालव पाच. आज उद्याचे पोट मारू नये, हा नियम तिथे दगडावर लिहिलेला आहे, आणि तो लिहावा लागला यातच बाजाराचे खरे रूप कळते. बाजार उभा राहतो तो उद्या पुन्हा येणाऱ्या माणसांच्या भरवशावर. विकणाऱ्याला ठाऊक असते की आज शिळे दिले तर हीच बाई उद्या तोंडावर सांगेल. घेणाऱ्याला ठाऊक असते की घासाघीस फार ताणली तर उद्या चांगला मासा तिच्यासाठी राखून ठेवला जाणार नाही.

वसंतात किंवा शरदात तिथे गेलात तर खाडीतल्या हिरव्या खेकड्याचे एक रूप दिसते, त्याला ‘मोएके’ म्हणतात. हा खेकडा कवच टाकतो तेव्हा काही तास तो सबंध मऊ असतो. कोळी हे खेकडे पाण्यात सोडलेल्या लाकडी पेट्यांत ठेवतात, रोज एकेक हाताळून पाहतात, आणि कवच टाकलेला नेमका उचलतात. उशीर झाला तर नवे कवच घट्ट होऊ लागते. स्वयंपाकघरात हे मऊ खेकडे फेटलेल्या अंड्यात सोडतात आणि मग पिठात घोळवून तळतात. पलीकडच्या भाजीच्या गाळ्यावर विक्रेता आर्टिचोकची पाने भराभर सोलून फक्त बुडाची चकती लिंबाच्या पाण्यात टाकत असतो. सांत एराझ्मो बेटावरच्या जांभळ्या आर्टिचोकचा झाडावरचा पहिला कळा वेगळा खुडतात, आणि त्याची वाट पाहणारे लोक वर्षभर वाट पाहतात.

हे सगळे शेफशिवायही दिसेल. मोठ्या किमतीचे असते ते दिसण्याच्या पलीकडचे. चांगला शेफ माशाचा कल्ला उघडून लाली पाहतो, पोटावर बोट दाबून ते भरून येते का बघतो, डोळा वर आलेला आहे की आत गेलेला हे तपासतो. हेच ससून डॉकवरची कोळीण करते, हेच रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातले गिऱ्हाईक करते. मग तो दर विचारतो, कालचा दर आठवतो, हा मासा आज इतका स्वस्त का असे विचारतो, आणि ठरवलेला पदार्थ मनातल्या मनात बदलतो. बाजारफेरीचा गाभा हा बदल आहे. घरचा स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकीला तो ठाऊक आहे : सुरमई आणायला निघावे आणि चांगले बोंबील दिसले म्हणून ते घेऊन यावे. शेफला बाजारात गेल्यावर बेत बदलण्याची मुभा नसेल, तर त्याच्याकडे प्रवाशांना शिकवण्यासारखे फारसे उरत नाही.

आणि बहुतेक जहाजांवर ती मुभा तुटपुंजी असते. क्रूझचा शिधा भरला जातो तो जिथे प्रवाशांची नवी तुकडी चढते त्या मोठ्या बंदरात. आधी झालेल्या करारांनुसार माल येतो, पुष्कळसा गोठवलेला, कंटेनरमधून. प्रोव्हिजन मास्टर तो मोजून मांस, मासे, भाजी यांच्या वेगवेगळ्या शीतखोल्यांत लावतो. बेत आधीच ठरलेले असतात, कारण मध्येच एखादी वस्तू संपली तर समुद्रात वाण्याचे दुकान नाही. याला आणखी एक कारण आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जहाजावर पोटाची साथ आली तर ती बंद जागेत झपाट्याने पसरते. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांची तिथल्या आरोग्य यंत्रणेकडून अचानक तपासणी होते, शंभरपैकी गुण दिले जातात, आणि ८५ किंवा त्याहून कमी गुण पडले तर जहाज नापास. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात हिंडणारी कित्येक जहाजे हिवाळ्यात कॅरिबियनकडे जातात. त्यांना ही शिस्त बारमाही पाळावी लागते. अशा जहाजाच्या शेफने बाजारातल्या कालवांच्या टोपलीपासून चार हात दूर राहावे, हे मी समजू शकतो.

पण त्याच्या आडून सगळेच टाळले जाते तेव्हा प्रश्न उभा राहतो. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे मासळीच्या प्रत्येक गाळ्यावर माशाचे नाव, तो पकडलेला की पाळलेला, कुठल्या समुद्रातला आणि कोणत्या जाळ्याने धरलेला, हे लिहावेच लागते. रिआल्तोच्या पाट्यांवर ‘एफएओ ३७’ असे जे दिसते तो भूमध्य आणि काळ्या समुद्राचा क्रमांक आहे. म्हणजे शेफला हवा तो कागद गाळ्यावरच उपलब्ध आहे. कालवे-तिसऱ्या सोडा; अखंड मासा, भाजी, फळे, चीज, कडधान्य, सुके मसाले, हे पावती घेऊन, थंड पेटीत ठेवून, तासाभरात जहाजावर नेता येते. अडचण सोडवण्यासारखी आहे. तरीही ती सोडवली जात नाही, कारण ठरलेला करार मोडण्यापेक्षा प्रवाशांना नुसता बाजार दाखवणे सोपे आणि स्वस्त आहे.

नुसते दाखवण्याने काय होते ते बार्सिलोनाने पाहिले आहे. ला राम्बला या रस्त्यावरची बोकेरिया मंडई १८४० च्या सुमारास उभी राहू लागली, १९१४ साली तिच्यावर लोखंडी छत चढले. त्याच रस्त्याच्या टोकाला समुद्र आणि बंदर. जहाजांतून उतरणारा लोंढा सरळ मंडईत येतो. येणाऱ्याच्या घरी चूल नाही, म्हणून त्याला कच्चा मासा नको, किलोभर पालक नको. त्याला हवे असते ते उभ्या उभ्या खाता येईल असे काही : कापलेल्या फळांचा पेला, रस, कागदाच्या सुरळीत हॅमचे काप. गाळेवाल्याने पोटापाण्याचा हिशेब केला आणि हळूहळू मालाची जागा या पेल्यांनी घेतली. भाजी घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला गर्दीतून वाट मिळेना, मिळालीच तर समोर तिच्या उपयोगाचा माल नसे. २०१५ साली महापालिकेला नियम करावा लागला : शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी आठ ते दुपारी तीन, पंधरापेक्षा मोठ्या पर्यटक गटांना मंडईत प्रवेश नाही.

या बदलाचे खापर पर्यटकांच्या उद्धटपणावर फोडले जाते. मला ते निदान चुकीचे वाटते. त्यातले बहुतेक लोक सभ्य असतात, काही ना काही विकतही घेतात. पण त्यांची खरेदी चूल नसलेल्याची खरेदी असते, आणि ज्याच्या हातून पैसा येतो त्याच्याजोगा बाजार घडतो. हजारो लोकांनी प्रेमाने फळांचे पेले घेतले की मंडई पेल्यांची होते. उलट, गर्दी असूनही तिच्यात कांदे-बटाटे घेणारे पुरेसे असतील तर मंडई मंडई राहते. म्हणजे प्रश्न किती लोक आले हा जितका आहे, तितकाच त्यांतल्या किती जणांकडे स्वयंपाकघर आहे हाही आहे.

याचा पुरावा पर्यटन फारसे नव्हते तेव्हाच्या उदाहरणातही सापडतो. पालेर्मोचा वुच्चिरिया बाजार इतका गजबजलेला होता की रेनातो गुत्तुझो या चित्रकाराने १९७४ साली त्याचे भले मोठे चित्र काढले : लोंबणारे मांस, सुरमईसारखे चकाकणारे मासे, फळांच्या राशी, आणि त्यांतून अंग चोरून जाणारी माणसे. चित्र आज जगप्रसिद्ध आहे. बाजारात मात्र आता थोडेच गाळे उरले आहेत आणि रात्री तिथे मद्याचे अड्डे भरतात. शहराच्या जुन्या भागातून कुटुंबे उठून गेली, चुली विझल्या, बाजार मागोमाग गेला. व्हेनिसही त्याच वाटेने चालले आहे. १९५१ साली जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत. २०२२ मध्ये ती संख्या पन्नास हजारांच्या खाली आली. रिआल्तोवर मासळीचे गाळे कमी होत गेले ते माशांना पाहणारे कमी झाले म्हणून नव्हे. पाहणारे तर वाढलेच आहेत.

अशा ठिकाणी एक मोठा भटारखाना असलेले जहाज येऊन उभे राहते, ही गोष्ट मी संकट म्हणून पाहत नाही. ती वाया जाणारी संधी म्हणून पाहतो. ज्या बाजाराला चुली कमी पडत आहेत त्याच्या दारात शेकडो ताटांची चूल आली आहे, आणि ती चूल दुसऱ्या देशातून आलेला गोठवलेला मासा शिजवते आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. जहाजाने खरोखरच खरेदी सुरू केली तर स्थानिक माणसाचे काय? सहाशे जणांना माणशी दोनशे ग्रॅम साफ केलेला मासा द्यायचा तर एकशेवीस किलो लागतो; डोकी, काटे धरले तर अखंड मासा त्याच्या दुप्पट. एवढी मागणी एका सकाळी छोट्या बाजारात उतरली तर दर भडकतील, आणि ज्या म्हाताऱ्या बाईची बाजू घेऊन आपण बोलतो आहोत तिचीच पिशवी रिकामी राहील. सात-साडेसात हजार प्रवाशांच्या अजस्र जहाजाबद्दल तर बोलायलाच नको. ते कुठल्याही गावच्या बाजारातून जेवू शकत नाही, आणि त्याने तसा आव आणू नये.

लहान, महागड्या जहाजांपुरते मात्र या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते उत्तर शेफच्या कौशल्यातच आहे. पहिली गोष्ट, सगळ्या जहाजाला एकच पदार्थ घालण्याची गरज नाही. चाळीस-पन्नास ताटे त्या दिवशीच्या बाजारातून उठली तरी पुष्कळ झाले. दुसरी, मोठी खरेदी किरकोळ गाळ्यावर करूच नये. त्यासाठी घाऊक बाजार आहेत. व्हेनिसचा त्रोन्केत्तोला आहे, आणि खाडीच्या दक्षिण टोकाला किओज्जा हे इटलीतले मोठे मासेमारी बंदर आहे. आदल्या दिवशी मागणी नोंदवली तर कोळ्यालाही आधार मिळतो. किरकोळ गाळ्यावर जावे ते शिकवायला आणि पिशवीभर घ्यायला. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : महाग माशामागे धावू नये. आलिशान जहाज म्हटले की सी-बास आणि लॉब्स्टर हवेच, ही समजूत शेफने मोडावी. मुबलक आणि स्वस्त ते घ्यावे.

आणि मुबलक म्हणजे कमी प्रतीचे, असे कुणी समजू नये. व्हेनिसचा ‘सार्दे इन साओर’ हा पदार्थ तळलेल्या सार्डिनवर शिजवलेला कांदा, व्हिनेगर, बेदाणे आणि चिलगोजे घालून मुरवतात. तो दर्यावर्दींच्या शिदोरीचा म्हणून ओळखला जातो, आणि एक-दोन दिवसांनी अधिक चांगला लागतो. जहाजावर याहून शोभेसा पदार्थ कोणता? दुसरे उदाहरण निळ्या खेकड्याचे. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा हा खेकडा एड्रियाटिक समुद्रात घुसला आणि २०२३ साली पो नदीच्या मुखाशी त्याने तिसऱ्यांची शेती फस्त केली. तो जितका खाल्ला जाईल तितके तिथल्या शेतकऱ्यांचे बरे. एखाद्या शेफने प्रवाशांना बाजारात नेऊन हा खेकडा दाखवावा, त्याने काय केले ते सांगावे, पेटी भरून घ्यावा आणि रात्री त्याचा रस्सा वाढावा. त्या एका ताटात भूगोल, अर्थकारण आणि समुद्राचे आजारपण एवढे सगळे येते, आणि खाणाऱ्याचा हात कुठेतरी उपयोगी पडतो.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. जहाजेच नकोत, असे म्हणणारे लोक व्हेनिसमध्ये आहेत, बार्सिलोनात आहेत, आणि त्यांची बाजू पोकळ नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांहून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युडेक्का कालव्यातून जाण्यास बंदी झाली. साडेचारशे प्रवाशांची, ‘छोटी’ म्हणवणारी आलिशान जहाजेही त्या मर्यादेबाहेर पडतात. बार्सिलोनाने २०२५ मध्ये बंदराशी करार करून क्रूझची टर्मिनले सातांवरून २०३० पर्यंत पाचांवर आणायचे ठरवले. हे निर्णय मला योग्य वाटतात. पण जहाजे कमी करणे आणि येणाऱ्या जहाजाने चांगले वागणे यांत विरोध नाही. पाच टर्मिनलांवर जी जहाजे लागतील त्यांनी शहराला काय द्यावे, हा प्रश्न उरतोच. बंदराचे शुल्क बंदर प्राधिकरणाच्या तिजोरीत जाते. गाळेवाल्याच्या हाती पैसा जाण्याचा सरळ रस्ता खरेदी हाच.

यातून शेफबरोबरच्या फेरीसाठी काही साधे नियम निघतात. गट आठ-दहा जणांचा असावा. सकाळच्या पहिल्या गर्दीत गाळ्यासमोर उभे राहून व्याख्यान देऊ नये. बोलायचे ते बाजाराबाहेर बोलावे, आत घ्यायचे आणि पुढे सरकायचे. फोटोआधी विचारावे. कुणाच्या गाळ्यावर दहा मिनिटे घालवली तर तिथून काही विकत घ्यावे. ‘कुणालाच माहीत नसलेला बाजार’ दाखवण्याची हौस शेफने सोडावी. बोकेरियाची गर्दी उचलून बार्सिलोनातल्याच सांता कातेरिना मंडईत नेली तर काही वर्षांत तिथेही पेलेच विकले जातील. आणि रात्रीच्या मेन्यूवर त्या दिवशी काय घेतले, कुठून घेतले, हे लिहावे. हे नियम पाळायला वेगळा खर्च नाही. लागतो तो शेफला स्वयंपाकघराचा खरा कारभारी मानण्याचा विश्वास. जहाज कंपन्या त्याचा फोटो छापतात. त्याला रोज ठरावीक रक्कम रोख देऊन, तिचा जाब फक्त ताटाने द्यावा, असे सांगायला हवे.

हा सगळा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे, म्हणूनही तो मराठी वाचकापुढे ठेवतो. मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची जहाजे २०२१ पासून सुटतात, मुंबई बंदराच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले, आणि मुरगाव बंदरात परदेशी जहाजे हंगामात येतच असतात. शिवाय या जहाजांच्या पोटात आपली माणसे फार पूर्वीपासून आहेत. आगबोटींच्या काळापासून गोव्याचे आचारी आणि स्ट्युअर्ड जगभरच्या जहाजांवर राबले; बोटीची वाट पाहताना राहता यावे म्हणून गोव्याच्या गावागावांनी मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात आपापले ‘कूड’ काढले. आजही सासष्टीत, बारदेशात ‘मुलगा शिपवर आहे’ हे वाक्य घराघरात ऐकू येते. कित्येक जहाजांच्या गॅलीत मासा कापणारा हात आपल्याकडचा असतो. त्याच जहाजाच्या प्रवाशांना मडगावचा किंवा म्हापशाचा बाजार दाखवायला मात्र बाहेरचा मार्गदर्शक येतो. जहाज मुरगावला लागेल त्या दिवशी गॅलीतल्या गोंयकाराला पुढे करून, त्याच्याच हाती पिशवी द्यावी, ही मागणी फार मोठी नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेण्यासारखे काय नाही? काणकोणातल्या खोल्याची मिरची, मयड्याची केळी, आगशीची वांगी, आमसुले, चोरीसाच्या माळा. यातले कितीतरी सुके किंवा टिकाऊ आहे. अन्नसुरक्षेची सबब त्याला लावता येत नाही. जहाजाच्या कोठीत वर्षभर लागणारी लाल मिरची कुठूनतरी येतेच. ती काणकोणच्या बाईकडून का येऊ नये?

मुंबईत तर याहून नाजूक परिस्थिती आहे. १८७५ मध्ये बांधलेल्या ससून डॉकवर पहाटे लिलाव होतो, पाट्या भरतात आणि कोळणी शहरभर पांगतात. बाजारात बसल्यावर भवानी होईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला असतो. नेमक्या त्या वेळी पाटीसमोर पंधरा जणांचा गट कॅमेरे घेऊन उभा राहिला, तर कामावर जाता जाता बोंबलांचा एक वाटा घेऊ पाहणारी बाई मागच्या मागे निघून जाते. गट पुढे सरकतो, भवानी व्हायची राहते. आधीच क्रॉफर्ड मार्केटशेजारच्या मंडईतून हलवल्या गेलेल्या मासेविक्रेत्या बायकांनी जागेसाठी भांडण केलेले आपण पाहिले आहे. त्यांच्या उरलेल्या जागेत आणखी एक न घेणारी गर्दी आणून सोडणे हा अन्याय होईल.

उलट हेच नीट केले तर? शेफने पापलेट आणि सुरमईचा हट्ट सोडून मांदेली, बोंबील, बांगडा घ्यावा. पाटीवरच्या कोळणीला तिच्या वेळेचे पैसे देऊन, तिलाच शिक्षिका मानून, बोंबील कसा चिरून दाबायचा ते प्रवाशांना दाखवावे. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद का असते, ते सांगावे. रुपेरी पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर केले, त्याच वर्षी महाराष्ट्राने चोपन्न जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. रिआल्तोच्या दगडावरची अक्कल आपल्याकडे आता कायद्यात आली आहे, हे प्रवाशाने कोळणीच्या पाटीसमोर उभे राहून ऐकावे. आणि शेफने पिल्लू पापलेट समोर आले तर ते नाकारावे, सर्वांदेखत. इतका चांगला धडा कुठल्या संग्रहालयात मिळणार नाही.

बंदर प्राधिकरणांनी आणि पर्यटन खात्यांनी हे आतापासून मनावर घ्यावे. टर्मिनलची चकचकीत इमारत, दुकाने, बसथांबा यांचा विचार झाला. जहाजाने इथे काय विकत घ्यावे याचा विचार कुठे दिसत नाही. येणाऱ्या आलिशान जहाजाला कोळी महिलांच्या सहकारी संस्थेचा, घाऊक बाजाराचा, थंड पेट्यांचा आणि पावतीचा रस्ता आखून दिला, तर ते खरेदी करेल. त्याची तयारी आपण केली नाही तर ते फक्त पाहून जाईल.

शेवटचे सांगणे वाचकाला. आपल्याकडून भूमध्य समुद्रातल्या सफरींना जाणारी मराठी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. पैसे तुम्ही मोजता, त्यामुळे विचारण्याचा अधिकार तुमचा आहे. नाव नोंदवण्याआधी दोन प्रश्न विचारा : शेफ आज बाजारातून काय घेणार आहे, आणि ते रात्री कोणत्या ताटात येणार आहे? सरळ उत्तर मिळाले तर खुशाल जा, पिशवी उचलायला मदत करा, आणि रात्री तेच मागवून खा. उत्तर मिळाले नाही तर त्या फेरीला जाऊ नका. घाईच्या वेळी त्या बाजारात तुमची जागा घरी चूल पेटवायची असलेल्या कुणाला तरी हवी आहे.